मिठाच्या गोणीखालची गाडी

दाजी घरतच्या घरात पुरी म्हणावी अशी एकही वस्तू नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक डब्यात होता आणि डबा माळ्यावर. कुणीतरी दुरुस्तीला दिलेला पाण्याचा पंप पडवीत पोट उघडून वर्षभर पडला होता आणि त्या पोटात कोंबडी अंडी घालत होती. दाजीचे हात उघडण्यासाठी घडलेले होते. कुठला स्क्रू कुठून निघाला हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण आतलं दिसलं, कोण कुणाला फिरवतं ते कळलं, की त्याची भूक भागे. मग ती वस्तू तशीच राही.

तो जासईचा. बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. लढाईच्या दिवसांत पुणे रस्त्यावर लष्करी ट्रकांची रांग लागली तेव्हा तो पनवेलला आला आणि इस्माईल मुकादमांच्या गॅरेजात चिकटला. मुकादमशेठ गिऱ्हाइकांना सांगत, "दाजी उघडतो, मी मिटवतो. अल्लाने जोडी बघूनच लावलीय." गॅरेजात हे चालून गेलं. घरी मिटवणारं कुणी नव्हतं. घरी गुणाबाई होती, त्याची बायको, तीही जासईचीच. तिला कोंबडीची अंडी पंपातून काढावी लागत.

त्या गॅरेजच्या मागे घाणेरीच्या झुडपांत एक गाडी पडून होती. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने ती शर्यतीसाठी विलायतेहून आणवलेली. लांब नाकाची, टप नसलेली, दोनच माणसं बसतील एवढी. चाकांना सायकलीसारखे तारांचे आरे. पुण्याहून परतताना ती घाट सुखरूप उतरली आणि पनवेलच्या अलीकडे सपाट रस्त्यावर एका वडावर आदळली. माणूस वाचला. त्याने पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही. सत्तेचाळीस साल येऊन गेलं, गाडीवर वेल चढले, उतरले, पुन्हा चढले. शेवटी शेठना ट्रक उभे करायला जागा हवी झाली आणि त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

"शेठ, मी नेऊ?" दाजीने विचारलं.

"ने. पण एक शर्त. ही मिटवायला मी येणार नाही."

बैलगाडीवर घालून ती उरण नाक्याजवळच्या त्याच्या अंगणात आली तेव्हा गुणाबाई सुपात तांदूळ पाखडत होती.

"ही कोण?"

"गाडी."

"ते दिसतंय. बसणार कुठं?"

"दोघं बसतात की."

"ती कुठं बसणार ते इचारते मी. आपन दोघं बसलोच आहोत, धुळीत."

पहिलं वर्ष बरं गेलं. वाकलेला पुढचा आस लोहाराकडून सरळ झाला. पत्र्याचे पोचे दाजीने लाकडी हातोडीने आतून उठवले. मग पत्रा सोडवल्यावर कळलं की या जातीच्या गाडीचा सांगाडा लाकडाचा असतो, आणि तो सगळा वाळवीने खाल्लेला. बोट लावलं की भुसा. आता जुनं, मुरलेलं, पुन्हा न वाकणारं सागवान हवं होतं. दाजी घरभर पाहत हिंडला. पाहता पाहता त्याची नजर स्वयंपाकघराच्या दारावर थांबली.

गुणाबाई धुणं घेऊन वडाळे तळ्यावरून परत आली तेव्हा दार बिजागऱ्यांवरून उतरलं होतं. त्याच्या फळ्या चिरून झाल्या होत्या. तिने चौकटीला गोणपाट लावून घेतलं. पण नारळी पुनवेच्या दिवशी, नैवेद्य दाखवायच्या आत, ते गोणपाट नाकाने सारून एक कुत्रा आत शिरला आणि नारळीभाताच्या पातेल्यात तोंड घालून निघून गेला.

तिने पातेलं अंगणात आणून गाडीसमोर ठेवलं.

"घराला एक दार व्हतं, ते नाय. आणि हिला दोन दारं."

"गुणा, नवीन करतो ना मी—"

"काय करता? उघडता. उघडायचं तेवढंच येतं तुमाला. एक वस्तू पुरी केलेली दाखवा मना या घरात." आवाज चढलेला नव्हता, म्हणून नीट ऐकायला शेजारची कमळाबाई सोनारीण कुंपणाजवळ येऊन उभी राहिली. "मी चालले जासईला. ही चालती करा, पुरी करा, आणि हिच्यातनं मना न्यायला या. नायतर येऊ नका."

रुसून माहेरी गेलेली बाई आपल्या पायांनी परत येत नाही. तिला न्यायला यावं लागतं. साडी, नारळ आणि चार माणसांसमोर थोडी मान खाली, एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. दसऱ्याला दाजी साडी-नारळ घेऊन एसटीने जासईला गेला. सासरे काशिराम यांनी त्याला चहा दिला, मिठाचा भाव सांगितला, पावसाचं बोलले. गुणाबाई बाहेर आली नाही. आतून एवढंच ऐकू आलं, "बाबा, गाडी कुठं उभी केलीय इचारा."

तो त्याच एसटीने परत आला.

त्यानंतर मात्र तो झपाटल्यासारखा लागला. गॅरेज सुटलं की अंगण. सांगाडा उभा राहिला, पत्रा बसला. हिवाळ्यात इंजीन उतरलं. पण माणूस तोच होता. एका पिस्टनच्या रिंगा बदलायच्या तर त्याने सगळेच काढले, धुतले, पाहिले, घातले. वरचं जाड लोखंडी झाकण, ज्याला गॅरेजात हेड म्हणतात, ते बसवायचं राहिलं. कारण मधली पातळ चकती, गॅस्केट, मुंबईहून यायची होती, आणि ती आज येते, उद्या येते म्हणता म्हणता आभाळ भरून आलं. इंजीन पुन्हा गाडीत बसलं होतं, पण वरून उघडं. गाडीवरचा नारळाच्या झापांचा मांडव जागोजाग गळत होता.

अशा वेळी उरणहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरने नाक्यावर एक गठ्ठा उतरवला. "जासईहून धाडलंय. बाईंनी सांगितलं, मांडव गळतो म्हणे तुमचा."

गठ्ठ्यात गोणी होत्या. काशिरामच्या मिठागरावरच्या, जाड, नीट शिवून मोठ्या केलेल्या.

मिठागरावरच्या माणसांच्या आयुष्यात गोणीशिवाय काही घडत नाही. पावसात डोक्यावर गोणीची खोळ. भातावर गोण, पेंढ्यावर गोण, म्हाताऱ्याच्या खाली गोण, पोर झोपलं की त्याच्यावरही गोण. जपायची वस्तू म्हटली की हात आपोआप गोणीकडे जातो, तसा गुणाबाईचा गेला. आणि दाजीचाही गेला. त्याने शिवण पाहिली. दुहेरी टाका होता. जिला गाडी नको होती तिने गाडीसाठी सुई धरली होती. त्याने त्या गोणी इंजिनावर, चारही बाजूंनी, खोचून खोचून घातल्या. धुवायचं त्याच्या मनातही आलं नाही. दुरून आलेलं पांघरूण कुणी आधी धुतं का?

पावसाळाभर घाटात ट्रक बिघडत होते, दाजी तिकडेच असे. गोणी उचलून पाहायचा दिवस आला नाही. खरं म्हणजे त्याला उचलायच्या नव्हत्या. सकाळी चूळ भरताना तो त्या झाकलेल्या ढिगाकडे पाही. त्याच्या घरात झाकलेलं असं तेवढंच होतं.

दसऱ्याला झेंडूची माळ घालायला म्हणून त्याने गोणी उचलली. ती जड लागली. ओली होती, आणि हाताला चिकट. पावसाळी हवेत मिठाला पाणी सुटतं, हे जासईचं शेंबडं पोरही सांगेल. गोणीच्या धाग्यांत वर्षानुवर्षं बसलेल्या मिठाने चार महिने हवेतला ओलावा ओढला होता आणि थेंब थेंब खाली सोडला होता, उघड्या इंजिनात. पिस्टनची चारही नळकांडी गंजून तांबडी झाली होती. पिस्टन गंजाने जागच्या जागी धरले होते. दाजीने हँडल लावून जोर केला. भिंतीला हँडल लावून फिरवावं तसं झालं.

माळ त्याच्या दुसऱ्या हातातच राहिली.

मुकादमशेठ बघायला आले. वाकून पाहिलं, आधी पोट धरून हसले. "अरे खारट माणसा, लोखंडाचं लोणचं घातलंस?" मग दाजीचं तोंड पाहून हसायचे थांबले. "रॉकेल आणि तेल भरून ठेव. रोज थोडं. सुटलं तर सुटलं. सब्र लागेल, मियां, आणि तो तुझ्याकडे नाही."

दाजीने रॉकेल भरलं नाही. तो नुसता बसू लागला. पंप, घड्याळ, आणि आता ही. सगळ्यांनी मिळून त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगितली होती आणि ती खरी ठरत होती. गुणाबाईला कळवायचं तर काय कळवायचं? तुझ्या गोणींनी मारलं, हे? त्याने जासईला निरोप धाडला नाही.

पण कमळाबाई गप्प राहणारी नव्हती. बाजाराच्या दिवशी मीठ विकायला आलेल्या जासईच्या बायका तिला भेटल्या, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीने गुणाबाई आली. हातात पिशवी, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. दाजी उठून उभा राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. सरळ गाडीपाशी गेली, इंजिनाच्या नळकांड्यात बोट फिरवलं आणि ते तांबडं बोट जिभेला लावलं.

"आमच्याच घरचं हाय," ती म्हणाली.

"गुणा, झाकण मी नव्हतं बसवलं. उघडं मी ठेवलेलं."

तिने कमळाबाईकडे तोंड केलं. "कमळाबाय, त्यांना सांगा, मी राहायला नाय आयले. मना कुणी न्यायला आलं नाय, मी आयले नाय. हा गंज माझा हाय, तो काढते आणि जाते. तवर तुमच्या पडवीत निजते."

"दाजीभाऊ, ही म्हणते—"

"ऐकलं मी. तिला म्हणावं, चहा घेणार का."

"चहा घेते म्हणावं. पण त्यांच्या घरात नाय."

असं ते सुरू झालं. दोघं गाडीच्या दोन बाजूंना, आणि मध्ये कुंपणावर हात टेकून कमळाबाई, निरोप इकडून तिकडे करत. पुढे पुढे तिला स्वयंपाकाची वेळ झाली की ती ओरडे, "तासभर तुमचं तुम्ही बोला बाई, माझी आमटी उतू जाते!" आणि तो तासभर दोघं नाइलाजाने एकमेकांशी बोलत.

गुणाबाईने काथ्याचे बोळे रॉकेलमध्ये बुडवून गंज घासला. भांडी घासताना राख आणि काथ्या जसा चालतो, तसा तिचा हात गोल चाले, घाई न करता, पुन्हा त्याच जागी. दाजी रोज सकाळी नळकांड्यांत रॉकेल आणि तेल भरी आणि लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके देई. नाक्यावरची रिकामी माणसं येऊन उभी राहत. "काय वहिनी, कल्हई लावताय का?" "लावते की. तुमची डोकी घेऊन या, त्यांनाही लावते."

एक पिस्टन सुटला. काही दिवसांनी आणखी दोन सुटले. चौथा हलेना.

वाट पाहणं दाजीला जमत नव्हतं. एका दुपारी तो पाना घेऊन गाडीखाली सरकला. गिअरबॉक्सचे नट त्याने बोटांनी चाचपले.

"काय करता?"

"काही नाय. तवर हे जरा उघडून बघतो."

गुणाबाईने खाली वाकून पान्याचं दुसरं टोक धरलं. ओढलं नाही, नुसतं धरलं. "हे मिटल्याबिगर ते उघडायचं नाय."

तो गाडीखाली पडून राहिला. वर तिचे तेलकट, तांबडे झालेले हात दिसत होते. त्याने पाना सोडला.

पण हातांना काहीतरी हवंच होतं. त्या आठवड्यात त्याने कुठूनशा फळ्या आणल्या आणि स्वयंपाकघराला दार केलं. दार लावून, कडी घालून, ती दोनदा उघडून-मिटवून पाहिली. गुणाबाई अंगणातून बघत होती. कमळाबाईला ती म्हणाली, "कडी उलट्या बाजूला बसवलीय, सांगा त्यांना." कमळाबाईने सांगितलं नाही, कारण तोवर तो कडी काढून पुन्हा बसवत होता.

चौथ्या पिस्टनचं मुकादमशेठनीच सांगितलं. इंजीन फिरत नसेल तर चाकांनी फिरवा. गाडी वरच्या गिअरात टाका आणि पुढे-मागे हेलकावे द्या. शेठ स्टिअरिंगवर बसले, दाजी पुढून लोटू लागला, गुणाबाई पदर खोचून मागून. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने परत द्यायचं. दोघी बायका जात्यावर बसतात तशी ती पाळी होती, एकीचा हात थकला की दुसरीचा. गाडी बोटभर पुढे, बोटभर मागे. शेजारच्या उंबरावरचे कावळे कंटाळून उडून गेले. मग आतून एक बारीक करकर आली, आणि गाडी वीतभर सरकली.

"सुटला!" शेठ ओरडले. "सुटला, या मौला! आता दोघं थांबा, मला चिरडाल!"

पुढची कामं भराभर झाली. नळकांड्यांवर खड्डे राहिले होते, त्यामुळे इंजीन थोडा निळा धूर सोडणार हे ठरलंच. नव्या रिंगा आल्या, गॅस्केट आली, आणि वरचं झाकण बसवताना दाजीने एकेक नट पुन्हा पुन्हा आवळला. त्याने एक नट जरा ढिला ठेवला असता तरी कुणाला कळलं नसतं. त्याने ठेवला नाही. गाडीला रंग नव्हता, आसनांच्या जागी लाकडी खोकी होती आणि त्यावर गोधड्या. पण ती सुरू झाली. अंगणभर निळा धूर पसरला, कमळाबाईने नाकाला पदर लावला, आणि दाजी त्या धुरातून म्हणाला, "बस, गुणा."

"कशी बसू?"

"म्हणजे?"

"तुमी मना न्यायला आलात कुठं? मी तर इथंच हाय." तिने पिशवी उचलली. "अकराची एसटी हाय. मी पुढं होते. तुमी मागनं या."

आणि ती खरोखरच एसटीने गेली.

दाजी एकटाच निघाला. वाटेतल्या गव्हाणपर्यंत गाडी शहाण्यासारखी चालली. मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठागरं लागली, उन्हात पांढरी, डोळे दिपवणारी, आणि त्याच वेळी गाडीच्या नाकातून वाफ उसळली. इंजीन थंड ठेवणारं पाणी आटलं होतं. त्याने गाडी थांबवली. नजर जाईल तिथवर पाणी होतं, आणि त्यातला एक थेंब या इंजिनात घालायचा नव्हता.

पान्यांची पिशवी पायाशी होती. झाकण जरा सैल केलं तर? आत कुठे काय झालं ते दिसेल तरी. हात पिशवीत गेला. लोखंड गार लागलं. तिकडे जासईला ती पोचली असेल, ओट्यावर बसली असेल, आणि सगळं गाव आज रस्त्याकडे बघत असेल. इथे एकदा उघडलं की संध्याकाळ होईल, आणि मग उद्या, आणि मग ती गाडी या बांधावर पडेल, गॅरेजमागच्या घाणेरीत पडली होती तशी. त्याने हात बाहेर काढला. मांड्यांखाली घातला. आणि बसून राहिला.

किती वेळ ते त्यालाही सांगता आलं नाही. इंजीन टिकटिक करत निवत होतं. बांधावरून मिठाच्या पाट्या टाकून चार बाया आल्या, पाण्याची मडकी डोक्यावर घेऊन.

"अगो, काशिरामदादाचा जावई दिसतो ना हा?"

"तोच. गुणीला न्यायला आलाय. गाडीनं."

"गाडीनं कुठं, गाडीलाच न्यायला पायजे."

"काय हो जावईबापू, तहान लागली का घोडीला?"

"लागलीय," दाजी म्हणाला. "गोडं पाणी मिळेल का?"

हसू थांबलं. मिठागरावर गोडं पाणी गावातून डोक्यावर आणतात आणि दिवसभर पुरवतात. सगळ्यांत म्हातारी बाई मडक्यात डोकावली, मग गाडीकडे पाहिलं. "वत गो. आज एक दिस घसा कोरडा ठेवू. पोरगी घरी जाईल." निवलेल्या लोखंडात पाणी हळूहळू आत गेलं. एकीने वर आपल्या हातचं अर्धं मडकंही रिकामं केलं आणि म्हणाली, "नीट जा आता. आमचं पानी हाय आत."

जासईच्या रस्त्यावर पोरं धावत आली, त्यांच्या मागे कुत्री, मग माणसं. काशिरामच्या ओट्यासमोर दाजी थांबला. इंजीन धडधडत होतं, धूर छपरापर्यंत चढला होता. सासरे पुढे आले आणि कानाशी वाकून म्हणाले, "बंद करू नको रे बाबा. पुन्हा सुरू नाय झाली तर? तशीच बसव नि ने."

आतून आवाज आला. "बंद करा म्हणावं."

"गुणे!"

"पुरी झाली असेल तर पुन्हा सुरू होईल. नुसती इथवर आली असेल तर मना नको."

सगळ्यांनी दाजीकडे पाहिलं. त्याने हात पुढे करून इंजीन बंद केलं. गाव एकदम मोठं झालं त्या शांततेत. कुठेतरी रहाट करकरला. दाजी उतरला, पुढे गेला, हँडल लावलं आणि फिरवलं. काही नाही. पुन्हा फिरवलं. इंजीन एकदा खोकलं आणि थांबलं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. तो उभा राहिला, हँडल तसंच धरून. त्याने झाकणाकडे पाहिलं नाही, पिशवीकडे पाहिलं नाही. श्वास घेतला आणि पुन्हा वाकला.

तेव्हा ओट्यावर कंकणं वाजली. गुणाबाई बाहेर आली. नवी साडी, हातात बोचकं. पायऱ्या उतरली, गाडीचं दार उघडलं, आत गोधडीवर बसली आणि दार ओढून घेतलं. ते नीट लागलं. बोचकं मांडीवर घेऊन ती समोर, पनवेलच्या दिशेने बघू लागली.

"अजून सुरू नाय झाली, गुणा," दाजी हँडलवरून म्हणाला.

"दिसतंय मना," ती म्हणाली. "तुमी फिरवा. मी काय आता उतरत नाय."